घरची गाडी, घरची वीज आणि परवानगीचा कागद

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ती ज्याने रचली त्याच्या काळी घरात वीज नव्हती. नाही तर 'विजेची जोडणी पाहावी मागून' असे तिसरे कलम त्याने खचित जोडले असते. विजेवर चालणारी वाहने आता आपल्या गोमंतकात नवलाईची राहिलेली नाहीत. हिरव्या पाटीच्या दुचाक्या शाळेच्या फाटकाशी रोज उभ्या दिसतात, आणि अधूनमधून मोटारगाडीही दिसते. पेट्रोलच्या गाडीचे पोट पंपावर भरते. विजेच्या गाडीचे पोट मात्र बहुधा धन्याच्या घरीच, रात्री सर्वजण निजले असता, भरत असते. जे जोखमीचे काम आजवर परवानाधारक पंपचालक आपल्या आवारात, अग्निशामक साधने जवळ ठेवून करीत होता, तेवढ्याच महत्त्वाचे एक काम आता तुमच्या-आमच्या ओसरीवर येऊन बसले आहे. त्याच्याबरोबर काही नियम आले आहेत आणि काही कागदही आले आहेत. नियम आणि कागद ही एकच वस्तू आहे असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. माझ्या मते या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे जेथे आपण कडक असावयास हवे तेथे ढिले आहोत, व जेथे थोडे ढिले असलो तरी चालेल तेथे विनाकारण कडक आहोत.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू, कारण पुष्कळांचा असा समज आहे की घरी गाडीला वीज भरणे हाच मुळी परवान्याचा विषय आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार वीज विकावयाची तर परवाना लागतो. मग गाडीच्या बॅटरीत वीज भरून देणे ही वीजविक्री ठरते काय, असा प्रश्न काही वर्षांपूर्वी उपस्थित झाला होता. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये त्याचा खुलासा केला. बॅटरी भरून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. सबब त्यास कायद्याखालील परवाना नको. त्याच वर्षी डिसेंबरात मंत्रालयाने या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती पुढे २०१९, २०२२ व २०२४ साली सुधारली गेली. घरी किंवा कचेरीत, आहे त्याच वीजजोडणीवरून आपले वाहन भरण्यास मालकाला मोकळीक आहे, हा त्यांतील धागा कायम राहिला. तेव्हा घरच्या सॉकेटवर आपली दुचाकी लावण्यासाठी कोणाच्या दारी अर्ज घेऊन जावयाचे कारण नाही. हे मी ठासून सांगतो, कारण 'पंचायतीला विचारले काय?' असा प्रश्न हितचिंतक शेजारी हमखास विचारतो आणि गरीब माणूस त्या प्रश्नानेच अर्धा होतो.

परंतु दुचाकी निराळी आणि मोटार निराळी. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी येथे कागद-पेन्सिल घ्यावी. साधारण विजेच्या दुचाकीची बॅटरी सुमारे तीन युनिटांची असते आणि तिचा चार्जर ताशी पाऊण युनिट ओढतो. म्हणजे कपड्यांची इस्त्री जेवढी वीज घेते तेवढीच, फक्त चार-पाच तास. हा भार आपल्या घरातील तारांना जड नाही. मोटारीची बॅटरी मात्र तीस युनिटांची, कधी त्याहूनही मोठी असते. ती घरातील मोठ्या तीन पायांच्या सॉकेटवर लावली, तर सुमारे तीन किलोवॅट भार सतत दहा तास चालतो. पाणी तापविण्याचा गिझरही दोन किलोवॅट घेतो, पण तो पंधरा मिनिटांत बंद होतो. तारा, सांधे व सॉकेट यांना तापून पुन्हा निवण्यास अवधी मिळतो. मोटारीच्या बाबतीत तो अवधी मिळत नाही. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही पदार्थविज्ञानात शिकला आहात. सोळा अँपिअरच्या ठिकाणी भिंतीवर बसविलेला बत्तीस अँपिअरचा, म्हणजे सात किलोवॅटचा चार्जर आला की त्याच तारेत उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. जो सांधा गिझरने कधी तक्रार न करता वीस वर्षे काढली, तो सांधा मोटारीच्या पहिल्याच पावसाळ्यात काळा पडू शकतो. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या टोकांना हिरवट गंज चढतो हे ज्याने कोणते जुने सॉकेट उघडून पाहिले असेल त्याला ठाऊक आहे.

म्हणून सुरक्षिततेचे नियम. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत २०१९ साली वाहनांच्या चार्जिंगसंबंधी स्वतंत्र तरतुदी आल्या, आणि २०२३ च्या नव्या विनियमांतही त्या आहेत. त्या लिहिताना डोळ्यांपुढे मुख्यतः चार्जिंग स्थानके होती हे खरे. पण विजेला स्थानक आणि ओसरी यांतला भेद कळत नाही. त्या तरतुदी इतक्या साध्या आहेत की त्या वाचण्यास इंजिनियर व्हावे लागत नाही. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे. गाडी उभी केल्यावर तिचा जोड चार्जिंग बिंदूपासून पाच मीटरांच्या आत यावा. मधे जोडतार, ज्याला आपण एक्स्टेन्शन म्हणतो, ती मुळीच वापरू नये. हातात धरून कोठेही नेता येणारे सुटे सॉकेटही वापरू नये. प्रत्येक चार्जिंग बिंदूला मुख्य पेटीतून स्वतंत्र तार असावी आणि तिच्यावर अतिभार झाल्यास तोडणारे साधन असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तीस मिलिअँपिअरहून अधिक गळती होताच वीज तोडणारे यंत्र प्रत्येक बिंदूला असावे.

या शेवटच्या कलमाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. आपल्या घरांतील पेटीत जो छोटा खटका असतो, तो तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. सोळा अँपिअरचा खटका सोळा अँपिअर ओलांडल्याखेरीज पडत नाही. माणसाच्या छातीतून जाणारा प्रवाह घातक ठरावयास मात्र तीस मिलिअँपिअरच्या थोडे पलीकडचे मानही पुरेसे होते. सोळा अँपिअर म्हणजे त्या तीस मिलिअँपिअरच्या पाचशे पटींहून अधिक. म्हणजे ओल्या अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या मुलाचा हात गाडीच्या सदोष तारेला लागला, तर तो साधा खटका स्वस्थ बसून राहील, आणि घरातला दिवाही मिणमिणणार नाही. गळती ओळखणारे यंत्रच तेवढे क्षणार्धात वीज तोडते. ज्या प्रदेशात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर ओसरीची फरशी कधी कोरडी म्हणून नसते, तेथे हे यंत्र चैनीची वस्तू समजणे याला काय म्हणावे?

आणि अर्थिंग. जमिनीत पुरलेल्या पत्र्याशी किंवा नळीशी जोडलेली ती हिरवी तार आपल्या जुन्या घरांत पुष्कळदा असते, पण कोठे जाते हे घरधन्याला ठाऊक नसते. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या जुन्या खड्ड्यावर आता कदाचित तुळशीवृंदावनाचा कट्टा उभा असेल. आमच्याकडची जमीन जांभ्या दगडाची. एप्रिल-मे महिन्यांत ती ठणठणीत कोरडी होते आणि कोरडी जमीन वीज नीट शोषून घेत नाही. आमचे वाडवडील उन्हाळ्यात त्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतीत, त्यामागे शास्त्र होते. पुष्कळ विजेच्या गाड्या अर्थिंग सदोष असल्यास चार्ज होण्याचेच नाकारतात. मग 'गाडी खराब निघाली' म्हणून विक्रेत्याशी भांडण होते. कित्येक वेळा गाडी बिचारी खरे तेच सांगत असते.

आता दुसरी बाजू पाहा. हे जे जीविताचे नियम, ते तपासण्यासाठी आपल्या घरी सहसा कोणी येत नाही. वायरमन सॉकेट बसवितो, पैसे घेतो आणि जातो. तो परवानाधारक आहे की नाही, त्याने तार कोणत्या जाडीची घातली, चाचणी केली की नाही, हे विचारण्याची आपली रीत नाही. वास्तविक विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे असा दंडक आहे. त्याच्या सहीचा चाचणी-दाखला हा खरा मोलाचा कागद. तो मात्र कोणी जपून ठेवीत नाही. पण स्वतंत्र जोडणीचा किंवा मंजूर भार वाढविण्याचा अर्ज घेऊन जा, म्हणजे कागदांची मालिका सुरू होते. घरपट्टीची पावती, घराचा उतारा, आधारपत्र, जुने बिल, आणि घर आपल्या नावावर नसेल तर ज्याच्या नावावर आहे त्याचा ना हरकत दाखला. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचे घर त्यांच्या दिवंगत आजोबांच्या नावावर आहे. आजोबांच्या वारसांपैकी काही मुंबईत, काही आफ्रिकेत, तर एक लिस्बनमध्ये. या सर्वांच्या सह्या जमविण्याऐवजी गृहस्थांनी गाडी घेण्याचाच बेत सोडला. गोमंतकात अशी घरे वाड्यावाड्यांत आहेत. त्या कचेरीतील कारकून सभ्य होता, त्याने चहाही दिला. पण त्याच्या यादीत अर्थिंगविषयी एकही रकाना नव्हता.

याच ठिकाणी मुंडकार आणि भाडेकरू यांचा प्रश्न येतो, आणि माझ्या लेखी तोच सर्वांत गंभीर आहे. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने घरातून काढून लावण्यापासून संरक्षण दिले व राहते घर विकत घेण्याचा हक्कही दिला. परंतु ज्यांचे खरेदीचे प्रकरण अद्याप पुरे झालेले नाही त्यांचे अंगण कोणाचे, हा वाद वर्षानुवर्षे चालतो. त्याने दुचाकी घेतली तर ती घरातल्या सॉकेटवर लागेल. तेथे कोणाची आडकाठी नाही. पण उद्या त्याच्या मुलाने उपजीविकेसाठी विजेची टॅक्सी अथवा मालवाहू तीनचाकी घेतली, तर ती अंगणात उभी राहणार, आणि अंगणापर्यंत तार नेण्यास भाटकाराची संमती विचारली जाणार. गाडी घेण्याचे अनुदान सर्वांना, आणि गाडी भरण्याची सोय मात्र ज्याच्या नावावर जमीन त्यालाच, असा प्रकार होऊन बसेल.

कायदा येथे आपल्या बाजूचा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. वीज कायद्याच्या ४३ व्या कलमात अर्ज करण्याचा अधिकार 'मालक किंवा भोगवटादार' या दोघांनाही दिला आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका भाडेकरूच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की वीज ही मूलभूत सोय आहे; घरमालकाने ना हरकत दाखला दिला नाही एवढ्याच कारणास्तव ती नाकारता येत नाही. वीज देणाऱ्याने पाहावयाचे ते इतकेच, की अर्जदार त्या जागेच्या ताब्यात आहे की नाही. कोणी म्हणेल, तो निर्णय घरच्या दिव्या-पंख्यांसाठी होता, मोटारीसाठी नव्हे. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण आमच्या आजोबांच्या काळी विजेचा दिवासुद्धा श्रीमंतांच्या वाड्यातील गोष्ट होती. मुक्तीनंतर ती गावोगाव गेली आणि पाहता पाहता मूलभूत ठरली. मूलभूत काय ते काळ ठरवितो, आणि ज्याची रोजी त्या गाडीवर आहे त्याच्यापुरते ते आजच ठरले आहे.

नियमांतही हा बदल उमटू लागला आहे. वीजग्राहकांच्या हक्कांविषयीचे केंद्राचे नियम २०२० चे. त्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य झाला. जोडणी देण्याच्या मुदतीही आखडल्या: महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात, ग्रामीण भागात पंधरा, आणि डोंगराळ ग्रामीण भागात तीस. मुदतीचे दिवस मोजले जातात ते अर्ज परिपूर्ण झाल्यापासून. अर्ज परिपूर्ण केव्हा होतो, याचे उत्तर मात्र पुन्हा त्या कागदांच्या मालिकेत आहे. सबब मुदत कमी करून निम्मेच काम झाले. यादी कमी केल्यावाचून उरलेले होणार नाही.

मडगाव, पणजी, वास्को, म्हापसा येथील सदनिकांत राहणाऱ्या पालकांची अडचण आणखी निराळी. त्यांचे मीटर तळमजल्यावरच्या मीटरखोलीत, सदनिका तिसऱ्या मजल्यावर, आणि गाडी खांबांमधल्या मोकळ्या जागेत. मीटरपासून गाडीपर्यंत दहा-पंधरा मीटर तार न्यावयाची, पण ती जाणार सर्वांच्या सामाईक भिंतीवरून. 'जागा मी विकत घेतली आहे' असे सदनिकाधारक म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, महाराष्ट्रातील सदनिका-कायद्याच्या संदर्भात, खांबांमधली जागा बिल्डरला गॅरेज म्हणून स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामाईक आहे असा निर्णय दिला. त्यामागचे तत्त्व पाहता शेजाऱ्यांना विचारणे हे केवळ सौजन्य नव्हे, कर्तव्य आहे. परंतु विचारणे निराळे आणि अडवून धरणे निराळे. सोसायटीच्या सभेत जे आक्षेप निघतात त्यांतील पहिला नेहमी आगीचा असतो. २०२२ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत देशात काही ठिकाणी विजेच्या दुचाक्या पेटल्या, त्या बातम्या सर्वांच्या स्मरणात आहेत. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेची मानके त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने कडक करण्यात आली. भीती रास्त आहे. तिच्यावरचा उतारा मात्र मनाई हा नाही. मनाई केली म्हणजे माणूस गाडी विकत नाही; तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून रात्री एक्स्टेन्शनची तार खाली सोडतो, किंवा दुचाकीची बॅटरी काढून जिन्यातून वर नेतो आणि दाराजवळ भरीत ठेवतो. पावसात लोंबणारी अशी तार मी शाळेच्या वाटेवर एकाहून अधिक इमारतींत पाहिली आहे. नियमाने जे भिंतीवर, नळीतून, गळतीतोडासह व्हावयाचे ते मनाईने खिडकीतून झाले, मग सुरक्षितता कोठे राहिली?

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने आदर्श इमारत-उपविधींत दुरुस्ती करून नव्या इमारतींतील वाहनतळाच्या वीस टक्के जागेला चार्जिंगची सोय असावी असे सुचविले. सूचना चांगली, पण ती नव्या इमारतींची, आणि राज्याने स्वीकारली तर लागू होणारी. आपली माणसे राहतात ती जुन्या इमारतींत. त्या इमारतींना सोसायटीच्या एका सभेत एकदाच ठरविता येईल असा सोपा नमुना-ठराव हवा: तार कोठून जाईल, खर्च कोणाचा, तपासणी कोण करील, आणि गाडीवाला सदनिका सोडून गेला तर ती काढावयाची कोणी. विरोध करणाऱ्यानेही लेखी आणि तांत्रिक कारण द्यावे. 'आम्हांला नको' हे कारण नव्हे.

इतके म्हटल्यावर कोणी समजेल की मी सरसकट मोकळीक मागत आहे. तसे नाही. वाड्याच्या टोकाला खांबावर जो ट्रान्सफॉर्मर असतो त्याचा विचार करा. समजा तो शंभर केव्हीएचा आहे आणि त्यावर पन्नास घरे आहेत. त्यांतील दहा घरांनी सात-सात किलोवॅटचे चार्जर बसविले आणि कामावरून परतलेले सर्वजण संध्याकाळी साडेसातला गाड्या लावू लागले, तर सत्तर किलोवॅट केवळ गाड्यांचेच झाले. त्याच वेळी पन्नास घरांचे पंखे, दिवे, शीतकपाटे, आणि अभ्यासाला बसलेली मुले. ट्रान्सफॉर्मर उडाला तर ज्यांच्याकडे सायकलही नाही अशी चाळीस घरे काळोखात बसतील. माझा भार हा केवळ माझा नसतो. म्हणून मोठा चार्जर बसविणाऱ्याने वीज खात्याला कळविलेच पाहिजे आणि मंजूर भार वाढवून घेतलाच पाहिजे. जो ते चुकवितो तो शेजाऱ्याच्या वाटणीची वीज चोरपावलांनी घेतो.

परंतु कळविणे आणि परवानगी मागणे यांत अंतर आहे, आणि इतर देशांनी ते ओळखले आहे. जर्मनीत २०१९ पासून घरचा प्रत्येक चार्जर बसविण्यापूर्वी वीजजाळ्याच्या चालकाला कळवावा लागतो. पण पूर्वसंमती लागते ती बारा केव्हीएहून मोठ्या यंत्रालाच, आणि त्यावरही उत्तर देण्यास चालक मुदतीने बांधलेला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१५ साली कायदा करून तेथील नगरपालिकांना चार्जरच्या परवानगीची रीत सुलभ करावयास लावली. तपासावयाचे ते आरोग्य व सुरक्षितता यांपुरते. तरीही टोलवाटोलवी होते असे दिसल्यावर २०२१ च्या कायद्याने ठराविक दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद केली. आपल्या देशातच दिल्लीने २०२० च्या धोरणात पहिल्या तीस हजार चार्जिंग बिंदूंना प्रत्येकी सहा हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आणि पुढील वर्षी घरगुती चार्जरसाठी वीज कंपन्यांमार्फत एकाच खिडकीवर अर्ज करण्याची सोय केली. आपल्याकडे तर विजेचे वितरण एकाच सरकारी खात्याच्या हाती आहे. एकच खाते असताना एकच खिडकी होण्यास अडचण ती कोणती?

जोडणी वेगळी घ्यावी की आहे तीच वापरावी, याचा हिशेब प्रत्येक घराने स्वतः केला पाहिजे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. मोटार महिन्याला हजार किलोमीटर चालली तर सुमारे दीडशे युनिटे खाते. घर दोनशे युनिटांचे असेल तर बिल एकदम साडेतीनशेवर जाते, आणि वरची युनिटे महाग टप्प्यात पडतात. स्वतंत्र जोडणीवर वाहनांचा दर लागतो, त्यात असे टप्पे नसतात. मात्र दुसरे मीटर, दुसरे बिल, दुसरा अर्ज. दुचाकीवाल्याने या भानगडीत पडू नये. महिन्याकाठी पंधरा-वीस युनिटांसाठी दुसरे मीटर म्हणजे मुंगीसाठी मांडव. मोटारवाल्याने मात्र वहीत मांडून पाहावे. आणखी एक गोष्ट: वेळेनुसार दर आकारण्याचे नियम २०२३ साली झाले असून सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त ठेवण्याचा त्यांचा रोख आहे. ज्या घरात गाडी दुपारी उभी असते, उदाहरणार्थ निवृत्त गृहस्थांची, त्यांना पुढेमागे याचा लाभ होईल. शिक्षकाची गाडी दुपारी शाळेत असते, ही आमच्या धंद्याची जुनी तऱ्हा!

माझी सूचना वीज खात्याला आणि पंचायतींना अशी आहे. दुचाकीसाठी कोणताही कागद मागू नये, पण गळतीतोड यंत्र घराघरांत बसावे म्हणून प्रचार करावा व गरीब घरांना ते सवलतीत द्यावे. साडेतीन किलोवॅटपर्यंतच्या मोटार-चार्जरला, मंजूर भारात बसत असेल तर, एका पानाची सूचना आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी-दाखला एवढेच पुरे समजावे. त्याहून मोठ्याला ट्रान्सफॉर्मरची तपासणी करून ठराविक दिवसांत संमती किंवा सकारण नकार द्यावा. मालकीच्या पुराव्याऐवजी ताब्याचा पुरावा मानावा. वीजजोडणी दिल्याने जमिनीचा हक्क सिद्ध होत नाही असे एक वाक्य अर्जावर छापले की भाटकारालाही चिंता राहणार नाही. आणि वाचलेल्या कागदांचा वेळ खात्याच्या माणसाने घरी येऊन अर्थिंग मोजण्यात घालवावा.

विद्यार्थिमित्रांना दिवाळीच्या सुट्टीत करण्यासारखे एक काम सुचवितो. मोजपट्टी घेऊन आपल्या ओसरीवरच्या सॉकेटची उंची जमिनीपासून मोजा. ८०० मिलिमीटरांहून कमी भरली तर वहीत नोंद करा. विजेच्या बिलावर मंजूर भाराचा आकडा छापलेला असतो, तो लिहून घ्या. मुख्य पेटीत 'टी' अक्षराचे छोटे बटण असलेले यंत्र आहे काय ते पाहा. असल्यास वडील माणसांच्या समक्ष ते बटण दाबावे, घरातील वीज तत्काळ गेली पाहिजे. गेली नाही तर यंत्र निकामी आहे. पेटी मात्र कोणी उघडू नये, आणि मांडवातल्या रोषणाईच्या तारांना ओल्या हाताने शिवू नये. वहीतील नोंदी शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या तासाला आणाव्यात. वाड्यावाड्यांतील आकडे एकत्र मांडून तो तक्ता आपल्या पंचायतीच्या पुढील ग्रामसभेत वाचावयास पालकांच्या हाती देता येईल.